काचेच्या पेटीतली भरवणी

मित्रांनो, मी काचेच्या पेटीतून बोलते आहे, तेव्हा जरा जवळ या. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात, माझी पेटी भिंतीला ठोकलेली आहे. वर दिवा आहे आणि खाली चकचकीत पाटी: 'हस्तमुक्त आहार प्रणाली. अंतराळवीरांसाठी.' येणारे-जाणारे पाटी वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. एवढं जडजंबाल नाव कोणाचं, असा प्रश्न सुरुवातीला मलाच पडला होता. माझं खरं नाव भरवणी. आई लेकराला भरवते ना, त्यातली भरवणी. आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी गोष्ट गोड गोड असेल अशा भ्रमात तुम्ही राहणार नाही.

दिसायला मी काही देखणी नाही. माझं पोट म्हणजे औषधाच्या दुकानातली शेकायची रबरी पिशवी. त्यातून एक जाडसर नळी वर येते आणि तिच्या टोकाला दातांत धरायचं एक मऊ बोंड आहे. शाळेच्या जुन्या दप्तराचे पट्टे मला गळ्यात बांधण्यासाठी लावले आहेत. पट्टे मानेला रुतू नयेत म्हणून त्यांच्या आतून लाल मांजरपाट आणि कापूस घालून शिवलं आहे. हनुवटीखाली येते ती निळी पट्टी वरूडहून संत्री भरून येणाऱ्या प्लास्टिकच्या क्रेटमधून कापलेली आहे. अशी मी जिथून तिथून गोळा केलेली आहे. पण काम मी चोख करायचे.

आता तुम्ही विचाराल, अंतराळवीराला भरवायची वेळ येतेच कशाला? सांगते. यानाच्या बाहेर काम करायला निघालेला माणूस त्या जाडजूड पोशाखात तासन्‌तास अडकलेला असतो. हातात जाड मोजे, डोक्यावर बंद शिरस्त्राण. हात आहेत, तोंड आहे, पण हात तोंडापर्यंत पोचत नाही. पाणी ओढून प्यायची पिशवी असते. खाण्याची सोय मात्र अजून मनासारखी झालेली नाही. त्यात तिकडे वजन नावाची गोष्ट नाही. वरणाचा एक थेंब सुटला तर तो खाली न पडता शिरस्त्राणातच फिरत राहणार, डोळ्यात जाणार नाहीतर नाकात. एका स्पर्धेत हाच प्रश्न घातला होता: हात न लावता आणि थेंब न सांडता पोशाखातल्या माणसाला जेवू कसं घालाल?

हा प्रश्न उचलला दोघी मैत्रिणींनी. एक नईमा. अमरावतीतल्या पिंजाऱ्यांच्या घरातली, बोलायला फटकळ, डोक्याने तल्लख. दुसरी रागिणी. वरूडकडच्या शेतकऱ्याची मुलगी, हाताने जपून काम करणारी. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोघींनी मला जन्माला घातलं. एकमेकींचे हात ओढणीने मागे बांधायच्या, माझं बोंड तोंडात धरायच्या आणि सातूचं पातळ पीठ ओढून पाहायच्या. ठसका लागला की हसून हसून लोळायच्या. 'भरवणी' हे नाव रागिणीने ठेवलं. त्या दिवसांत मला वाटायचं, आपल्यासारखं नशीब कोणाचं नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य आकाशात जाणार, असं त्या दोघी येता-जाता बोलायच्या.

पण गुळगुळीत गालांच्या, तरण्या पोरींनी नळीतून पीठ ओढलं, यात काय ते सिद्ध होणार? नईमाचं समाधान होईना. ज्याला खरोखरच हात तोंडाशी नेता येत नाही असा माणूस हवा, असं तिचं म्हणणं पडलं.

"तुह्या घरी दादा आहेत ना," रागिणी म्हणाली.

नईमा मला दप्तरात घालून घरी घेऊन आली.

नईमाचे दादा म्हणजे तिचे आजोबा, वाहेदमिया. तरुणपणी धामणगावला आणि नंतर अमरावतीत त्यांनी कापूस पिंजला, गाद्या-रजया भरल्या. निम्म्या गल्लीच्या लग्नांतल्या गाद्या त्यांच्या हातच्या आहेत. आता कंपवाताने दोन्ही हात असे थरथरायचे की घास ताटातून उचलला तरी ओठांशी येईपर्यंत बोटांत काही उरत नसे. बोलणंही बारीक आणि घोगरं झालं होतं. घरच्यांनासुद्धा वाकून ऐकावं लागे.

त्या घरात एक रीत होती. जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरायचं, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि वडीलधाऱ्याने बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला की मगच इतरांनी अन्नाला हात लावायचा. वाहेदमियांचे हात गेले तसा त्यांचा पहिला घासही गेला. नईमाची अम्मी निखत आधी त्यांना आतल्या खोलीत चमच्याने भरवायची आणि मग बाहेर दस्तरखान पडायचं. निखतबी प्रेमानेच भरवायची, तिच्याबद्दल मी एक वावगा शब्द बोलणार नाही. पण वाहेदमियांना वाटायचं, सुनेच्या पोळ्या थंड होतात, पोरं ताटकळतात. चार चमचे झाले की ते तोंड मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "भरलं." पोट कुठलं भरतंय. मान पार वाळून गेली होती त्यांची. ती मान मी जवळून पाहिली आहे, कारण पुढे मी तिच्यातच बांधली गेले.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. वाहेदमियांनी बोंड तोंडात घेतलं, ओढायला गेले, आणि वरण नळीत मध्येच अडकून बसलं. पुन्हा जोर केला तेव्हा भसकन आलं ते सगळं दाढीत.

"बेटा," ते म्हणाले, "हे ओढाचं काम माह्याच्यानं होत नाही. ओठात जीवच नाही राह्यला."

मला वाटलं, आता ही पोरगी मला फेकून देणार. ती मात्र त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"मंग दाबता येते का, दादा? हनुवटी खाली करून पाहा बरं."

"हनुवटीचं काय, ते त दिवसभर खालीच असते माही."

तिथेच सगळं फिरलं, मित्रांनो. नईमा धावत वर्कशॉपला गेली. रागिणीने क्रेटची पट्टी कापली, तिच्याखाली स्प्रिंग बसवली. आता ओढायचं काही कामच उरलं नाही. हनुवटी खाली दाबली की माझ्या पोटावर दाब यायचा आणि बरोबर एक घास वर चढायचा. बोंड दातांत धरलं तरच उघडायचं, सोडलं की घट्ट मिटायचं. थेंब सांडायचा नाही. थकलेल्या अंतराळवीराला यापेक्षा अधिक काय हवं? पण ही युक्ती सुचली ती अंतराळवीरामुळे नाही. एका म्हाताऱ्याच्या ओठांत जीव नव्हता म्हणून ती सुचली. हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण पुढे ते कोणी ठेवलं नाही.

दुसऱ्या खेपेला नईमाने हट्टच धरला की दादा आतल्या खोलीत जेवणार नाहीत. निखतबी घाबरली. चारचौघांत सांडलं तर अब्बाजींना किती लागेल, ही तिची भीती. तरी दस्तरखानाशी गादी घातली, त्यांना टेकून बसवलं आणि मला त्यांच्या गळ्यात बांधलं. माझ्या पोटात तुरीच्या डाळीची मऊ घोटलेली खिचडी होती, वर तूप घातलेली. सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. वाहेदमियांनी ओठांतल्या ओठांत बिस्मिल्लाह म्हटलं आणि हनुवटी झुकवली.

घास गेला. गिळलेला मला कळला.

"खा ना रे आता," ते म्हणाले. "पाहून काय राहिले?"

सगळ्यांचे हात एकदम ताटात गेले. निखतबी पोळी आणायच्या निमित्ताने उठून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातलं बक्षीस मला त्या दिवशी मिळालं. पुढचं पितळेचं बक्षीस मी त्यात धरत नाही.

त्यानंतरचे महिने माझ्या कामाचे होते. सकाळी सातू, दुपारी खिचडी, कधी घोटलेलं भरीत, तर कधी रागिणीच्या घरून आलेल्या संत्र्यांचा गर. ईदेला निखतबीने शिरखुर्मा बारीक वाटून माझ्यात भरला. वाहेदमियांनी दोनदा मागून घेतला आणि दोन्ही वेळा "भरलं" म्हणाले नाहीत. शेजारचे खुशालराव त्यांचे जुने दोस्त. एकदा ते येऊन मला निरखून म्हणाले, "काय वाहेदभाई, तोबरा बांधला का तुमाले?"

"हो," वाहेदमिया म्हणाले, "पन या घोड्याले चाऱ्यासाठी कोनाची वाट पाहा लागत नाही."

त्यांचं ते घोगरं बोलणं इतरांना समजायला वेळ लागे. मला लगेच समजे. सतत गळ्याशीच असायचे ना मी. नईमालाही समजे, पहिल्या खेपेला, एक शब्द न गाळता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

मग स्पर्धेचा दिवस आला. ती अकोल्याला होती.

"दादा, भरवणी अकोल्याले नेतो," नईमा म्हणाली. "तिथून आली की तुमचीच."

"ने," वाहेदमिया म्हणाले. "जिंकून आन."

त्यांनी मला स्वतःहून जाऊ दिलं. हट्ट केला असता तर ती अडखळली असती, पण त्यांचा तिच्यावर भरवसा होता. माझाही होता.

अकोल्याच्या त्या सभागृहात मोठमोठी माणसं आली होती. रागिणीने एका पुतळ्याला मला बांधलं, वर पारदर्शक शिरस्त्राण चढवलं. मग ते उतरवून नईमाने मला स्वतःच्या गळ्यात घातलं, हात मागे बांधून घेतले आणि हनुवटीने दाबून खाऊन दाखवलं. एक थेंब सांडला नाही. परीक्षक खुर्च्या सोडून जवळ आले. त्यांच्यातले एक पट्टी वरखाली करून म्हणाले, "ओढण्याऐवजी दाबण्याची कल्पना उत्तम आहे. पण मला एक शंका आहे. हे मुळात रुग्णांसाठीचं साधन तर नाही ना? तसं असेल तर ते या गटात बसणार नाही."

नईमाचा चेहरा पडला. मी तिच्या गळ्यात होते. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. या स्पर्धेतून बंगळूरला शिकायला जायची वाट निघणार होती आणि त्या वाटेसाठी ती पोर किती राबली होती, हेही मला ठाऊक होतं.

"नाही सर," ती म्हणाली. "हे पहिल्यापासून अंतराळवीरांसाठीच आहे."

"चाचणी कोणावर केली?"

"एका ज्येष्ठ स्वयंसेवकावर."

ज्येष्ठ स्वयंसेवक! ज्या दादांच्या मांडीवर ही वाढली, त्यांचं हे नाव. रागिणीने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिली. तिचाही मला राग आहे. एक वाक्य बोलली असती तर काय झालं असतं? पण बक्षीस दोघींना मिळणार होतं.

आणि मिळालं. टाळ्या झाल्या, हार झाले, फोटो झाले. अकोल्याहून परतताना गाडीत नईमाने मला मांडीवर घेतलं होतं. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की आज घरी खिचडी असेल की सातू.

घर काही आलं नाही. मी थेट कॉलेजात आले. प्राचार्यांना मी दर्शनी भागात हवी होते. मुलांना स्फूर्ती मिळेल, म्हणाले. तिथले नितेश सर भले माणूस आहेत. पेटी ठोकायच्या आधी त्यांनी नईमाला बाजूला घेऊन विचारलं, "हिचा तुमच्या घरी वापर होतो, असं रागिणी म्हणत होती. गरज असेल तर घेऊन जा. मी प्राचार्यांशी बोलतो."

दार सताड उघडं होतं, मित्रांनो. तिने नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही सर," नईमा म्हणाली. "तशी गरज नाही. घरच्यासाठी मी नवी करणार आहे."

सरांनी मला पेटीत ठेवलं. काच लागली, कुलूप लागलं.

नवी भरवणी झाली, पण ती घरासाठी नाही. ती शिरस्त्राणाच्या कड्याला स्क्रूने बसते. गळ्यात बांधायचे पट्टेच तिला नाहीत. नईमा बंगळूरला शिकायला गेली तेव्हा ती सोबत घेऊन गेली. मी मात्र रोज व्हरांड्यात वाट पाहत राहिले. शेवटी नईमा दोन दिवसांसाठी गावी आली असताना माझ्याच पेटीसमोर दोघी मैत्रिणींची जुंपली, तेव्हा मला घरची खबर कळली.

"मी काल तुह्या घरी गेली होती," रागिणी म्हणाली. "दादा पुन्हा आतल्या खोलीत जेवून राहिले. अम्मी भरवून राहिल्या. चार चमचे खाल्ले अन् भरलं म्हने."

"मी करून देईन ना वं नवी. सुट्टी त लागू दे."

"मागच्या सुट्टीतबी हेच म्हनली तू. नवी कायले पाह्यजे? ही काय वाईट हाये? काढ न् ने."

"अन् लोकं विचारतीन तं काय सांगू?" नईमाचा आवाज चढला. "तिकडं बंगळूरले समजलं की हे घरी म्हाताऱ्यासाठी वापरत होते, तं म्हनतीन पोरीनं खोटं सांगितलं. सगळंच जाईन माह्यं."

"मंग दादाले काय सांगतं?"

"सांगितलं मी, भरवणी सरकारजमा झाली म्हनून."

सरकारजमा! अहो, मी तिच्या घरापासून ऑटोने जाण्याइतक्या अंतरावर भिंतीला टांगलेली होते, आणि तो म्हातारा समजत होता की मी दिल्लीला पोचले. कोणी शत्रूने केलं असतं तर मी म्हटलं असतं, शत्रूच तो. पण जिने मला घडवलं, जिने माझे पट्टे त्या मानेत हळूच, केस न ओढता बांधले, तिने हे करावं? मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण झालोच नसतो तर बरं.

मग कॉलेजचा वार्षिक समारंभ आला. गुणवंतांच्या घरच्यांना खास बोलावणं होतं. निखतबीने वाहेदमियांना पांढरा कुर्ता घातला, दाढी विंचरली, आणि ती त्यांना ऑटोने घेऊन आली. सभागृहापर्यंत न्यायला कॉलेजने चाकांची खुर्ची दिली होती. निखतबीला बायांमध्ये पुढे जागा दिली. नईमा बंगळूरहून आली होती, तिनेच दादांची खुर्ची ढकलत आणली. दुसऱ्या दाराने न्यायचं तिच्या मनात असावं, पण समारंभाचे प्रमुख पाहुणे आणि प्राचार्य नेमके व्हरांड्यातून आले आणि प्राचार्य उत्साहाने म्हणाले, "या, या, आजोबांनाही दाखवू या नातीची कमाल."

खुर्ची माझ्यासमोर थांबली. मी त्यांना पाहिलं. आणखी वाळले होते. कुर्त्याची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. त्यांनी मान वर केली. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग त्यांचे डोळे पाटीवर गेले नाहीत, दिव्यावर गेले नाहीत, थेट माझ्या निळ्या पट्टीवर आले.

थरथरता हात काचेकडे करून ते बोलू लागले. "नईमा, बेटा, हे त इथंच हाये. माही भरवनी घरी कधी आनतं वं? मले सगळ्यांसंगं जेवाले बसाचं हाये."

मला शब्द न् शब्द ऐकू आला. तिलाही आला. इतरांना नुसतीच घरघर ऐकू आली.

पाहुणे मोठ्या अगत्याने खाली वाकले. "काय म्हणतात आजोबा?"

सगळे नईमाकडे पाहू लागले. कॅमेरेवाला पुढे सरकला. तिने खुर्चीची मूठ घट्ट धरली होती. मी काचेच्या आत अक्षरशः विनवत होते, बोल ग पोरी, आता तरी बोल. नितेश सर बाजूलाच उभे आहेत, किल्ली त्यांच्याचकडे असते.

"दादा म्हणतात," नईमा स्वच्छ, शुद्ध आवाजात म्हणाली, "की नातीने देशाचं नाव मोठं केलं. आता माझं पोट भरलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून वाहेदमियांच्या गळ्यात घातला, नेमका तिथे, जिथे मी असायचे. मित्रांनो, त्यांचे हात गेले होते, बोलणं गेलं होतं, पण कान अगदी तीक्ष्ण होते. त्यांनी वळून नातीकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहिलं. मग तोंड मिटून घेतलं. पुढे सभागृहात कोणी पेढा भरवायला आलं तरी ते उघडलं नाही, असं नंतर शिपाई सांगत होता.

तर मित्रांनो, ही अशी माझी कहाणी. अंतराळवीर जेवतील हो आज ना उद्या. त्यांच्यासाठी पुष्कळ हुशार माणसं कामाला लागली आहेत आणि मला त्याचा आनंदच आहे. पण एका माणसाच्या तोंडचा घास काढून तो पेटीत ठेवायचा आणि वर दिवा लावायचा, याला मी तरी मान म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, चांगल्या चांगल्या वस्तू कराल. करा. पण ज्याच्या गरजेतून ती वस्तू जन्मली, त्याला आधी ती द्या, आणि चारचौघांत त्याचं नाव घ्यायला लाजू नका.

आणि तुमच्यापैकी कोणी कधी या व्हरांड्यातून गेलंच, तर माझे फोटो काढू नका. नितेश सरांना गाठा आणि म्हणा, हिला सोडा. रबर अजून तडकलेलं नाही, स्प्रिंगही अजून चालते. फक्त घाई करा, कारण रागिणी सांगत होती, वाहेदमिया आता दोनच चमच्यांत "भरलं" म्हणतात.